ड्राफ्टमध्ये आधी कोणती पोझिशन घ्यायची: खेळाडूआधी त्याचा बाजारभाव पाहा

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकांनी, जे न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे कट्टर समर्थक आहेत, विचारलं आहे: "२०१८च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (लीगमधले संघ कॉलेज खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) आमच्या संघाने सॅकॉन बार्कलीला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा जाणकार म्हणाले की रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) इतक्या वर घ्यायचा नसतो. तोच बार्कली २०२४च्या हंगामात ईगल्सकडून २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकला. मग तो नियम चुकीचा होता का? संघाने कुठल्या पोझिशनना आधी हात घालावा हे नेमकं ठरतं कसं?"

नियम चुकीचा नव्हता. उलट बार्कलीच्या कारकिर्दीइतका त्याचा स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही. पण त्याआधी पैशाचं गणित समजून घ्यावं लागेल. कॉलेज खेळाडूंची फिल्म पाहणं आणि पगाराचे तक्ते मांडणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. माझा अनुभव असा की पोझिशनच्या प्राधान्याचे जवळपास सगळे वाद हे गणित न मांडल्यामुळे होतात.

आपल्याकडच्या लोकांना आयपीएलचा लिलाव माहीत असतो. तिथे खेळाडू जितका हवाहवासा, तितकी बोली चढते. एनएफएल ड्राफ्टमध्ये बोलीच नाही. खेळाडूचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावर ठरतो, तो मैदानावर कोणत्या जागी खेळतो याचा त्याच्याशी संबंध नाही. २०११च्या सामूहिक करारापासून हे पक्कं झालं. त्याआधी, २०१०मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा होता आणि त्यातले ५ कोटी हमीचे होते. पुढच्याच वर्षी पहिल्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे २.२ कोटी मिळाले. तेव्हापासून सहाव्या क्रमांकावर तुम्ही क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) घ्या, गार्ड (पुढच्या फळीत अडवणारा) घ्या नाहीतर सेफ्टी (बचावात सर्वांत मागचा) घ्या, खर्च तोच. करार चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात.

खुल्या बाजारात मात्र पोझिशननुसार भाव जमीन-अस्मानाचे आहेत. २०२५च्या हंगामाच्या तोंडावरचे सर्वांत मोठे करार वार्षिक सरासरीने पाहा. क्वार्टरबॅकमध्ये डॅक प्रेस्कॉटचे ६ कोटी डॉलर, एज रशरमध्ये (कडेने येऊन क्वार्टरबॅकला गाठणारा बचावपटू) मायका पार्सन्सचे ४.७ कोटी, वाइड रिसीव्हरमध्ये (पास झेलणारा) जमार चेसचे ४ कोटींच्या वर, डिफेन्सिव्ह टॅकलमध्ये (बचावाच्या फळीत आत खेळणारा) क्रिस जोन्सचे ३.१७ कोटी, कॉर्नरबॅकमध्ये (रिसीव्हरला रोखणारा) सॉस गार्डनरचे ३ कोटी, ऑफेन्सिव्ह टॅकलमध्ये (फळीच्या टोकाला उभा राहून क्वार्टरबॅकला राखणारा) रशॉन स्लेटरचे २.८५ कोटी. इथून पुढे उतार लागतो. सेफ्टी अडीच कोटी, गार्ड २.३५, लाइनबॅकर २.१, रनिंग बॅक २.०६, टाइट एंड १.९, सेंटर १.८. किकर आणि पंटर तर कोटीच्याही खाली. त्या वर्षीची एका संघाची सॅलरी कॅप, म्हणजे पगारांची कमाल मर्यादा, २७.९२ कोटी डॉलर होती आणि तेवढ्यात ५३ माणसं बसवायची होती.

म्हणजे ड्राफ्टमधून खेळाडू घेताना संघाला मिळते ती चार-पाच वर्षांची सवलत. खेळाडू चांगला निघाला तर त्याचा बाजारभाव वजा ड्राफ्टचा ठरलेला पगार, एवढी बचत. ती बचत क्वार्टरबॅकवर सर्वांत मोठी. २०२४ला पहिल्या क्रमांकावर आलेल्या केलेब विल्यम्सचा चार वर्षांचा सगळा करार ३.९५ कोटींचा, म्हणजे वर्षाला एक कोटीच्या आत. तशाच दर्जाचा अनुभवी क्वार्टरबॅक पाच-सहा कोटींना पडतो. उरलेल्या चार कोटींत एक उत्तम ऑफेन्सिव्ह टॅकल (पुढे नुसतं टॅकल म्हणजे हाच) आणि एक चांगला सेफ्टी येतो.

आता बार्कलीकडे. २०१८ला दुसऱ्या क्रमांकाचा करार चार वर्षांचा, ३.१२ कोटींचा, वर्षाला साधारण ७८ लाख. त्याच उन्हाळ्यात रॅम्सनी टॉड गर्लीला रनिंग बॅकसाठी तोवरचा सर्वांत मोठा करार दिला, वर्षाला सुमारे १.४४ कोटींचा. म्हणजे बार्कली लीगमधला सर्वोत्तम रनिंग बॅक ठरला तरी वर्षाला वाचणार ते ६५-६६ लाख. त्याच वर्षी एज रशर खलील मॅकचा करार २.३५ कोटींचा झाला आणि क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचा ३.३५ कोटींचा. त्याच दुसऱ्या क्रमांकावर तेवढ्या तोलाचा एज रशर मिळाला असता तर दीड कोटीच्या वर आणि क्वार्टरबॅक मिळाला असता तर अडीच कोटींच्या वर वाचले असते. आणि जायंट्सकडे तेव्हा ३७ वर्षांचा क्वार्टरबॅक एली मॅनिंग होता! त्या ड्राफ्टमध्ये पाच जागा खाली क्वार्टरबॅक जॉश ॲलन बफेलोला गेला.

बार्कलीने स्वतःचं काम चोख केलं. पहिल्याच वर्षी धाव आणि झेल मिळून २,०२८ यार्ड, सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा किताब. संघ ५-११ राहिला. २०२०च्या दुसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट तुटला. २०२४च्या मार्चमध्ये तो मोकळा झाला आणि ईगल्सनी त्याला तीन वर्षांसाठी ३.७७ कोटींना घेतलं. एकही ड्राफ्ट निवड न देता.

तो ज्या ऑफेन्सिव्ह लाइनमागून (प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या पाच जणांच्या फळीमागून) २,००५ यार्ड धावला ती कशी उभी राहिली ते बघा. लेन जॉन्सन २०१३चा चौथा क्रमांक. लँडन डिकरसन आणि कॅम जर्गन्स दुसऱ्या फेरीतले. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी खेळाडू, २०१८च्या सातव्या फेरीत २३३वा. ईगल्सनी जे बाजारात सहज मिळत नाही त्यावर वर्षानुवर्षं ड्राफ्ट खर्च केला आणि जे मिळतं ते बाजारातून आणलं. जायंट्सनी क्रम उलटा केला होता. तुमच्या समाधानासाठी सांगतो, २०२५ला त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर एज रशर अब्दुल कार्टर घेतला, वर सरकून (म्हणजे निवडी देऊन वरचा क्रमांक मिळवून) २५व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जॅक्सन डार्ट घेतला, आणि रनिंग बॅक कॅम स्कॅटेबो चौथ्या फेरीत १०५वा. हा क्रम मला पटतो. डार्टसाठी पहिल्या फेरीत घुसण्याची किंमत मोजण्यामागे पाचव्या वर्षाचा पर्याय हेही मोठं कारण असतं. बाल्टिमोरने २०१८ला क्वार्टरबॅक लमार जॅक्सनसाठी ३२वा क्रमांक मिळवला होता, तोही पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा.

"बाजारात मिळत नाही" हा भाग भावाइतकाच महत्त्वाचा आहे आणि बहुतेक चर्चांत तो निसटतो. दर मार्चमध्ये फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, उघडते तेव्हा चांगले गार्ड, सेफ्टी, लाइनबॅकर, रनिंग बॅक डझनांनी असतात. भर उमेदीतला लेफ्ट टॅकल किंवा एज रशर क्वचितच असतो, कारण त्याचा संघ त्याला सोडतच नाही. सुटलाच तर काय मोजावं लागतं हे पॅकर्सना विचारा. २०२५च्या ऑगस्टमध्ये पार्सन्ससाठी त्यांनी डॅलसला पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि केनी क्लार्क दिला, शिवाय वर्षाला ४.७ कोटींचा करार केला. डॅलसला तोच खेळाडू २०२१ला बाराव्या क्रमांकावर मिळाला होता. टॅकलची टंचाई तर शरीराचीच आहे. साडेसहा फुटांच्या आसपास उंच, तीनशे पौंडांच्या वर वजन, आणि पाय मात्र बास्केटबॉल खेळाडूचे, अशी माणसं मुळातच थोडी. ती असतील त्या वर्षी पहिल्या चाळीस निवडींत संपतात.

त्यामुळे माझा ढोबळ क्रम असा. क्वार्टरबॅक नसेल तर तो सर्वांत आधी. त्यानंतर टॅकल आणि एज रशर. मग कॉर्नरबॅक, रिसीव्हर आणि आतून दबाव आणणारा डिफेन्सिव्ह टॅकल. बाकीचे त्यामागून. पण हा क्रम डोळे मिटून वापरायचा नाही. त्या वर्षीच्या पिकात, म्हणजे ड्राफ्टला आलेल्या खेळाडूंत, काय आलंय हे न पाहता क्रम लावणारा संघ हमखास फसतो.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत तर फारच. २०१३ला क्वार्टरबॅकचं पीक अगदी कमकुवत होतं, तरी बफेलोला गरज होती म्हणून ई. जे. मॅन्युएल सोळाव्या क्रमांकावर गेला. दुसऱ्या हंगामात चार सामन्यांनंतर तो बाकावर होता. २०२१ला पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: लॉरेन्स, विल्सन, लान्स, फील्ड्स, जोन्स. २०२४चा हंगाम सुरू झाला तेव्हा त्या पाचांतला फक्त ट्रेव्हर लॉरेन्स आपल्या मूळ संघात होता. सॅन फ्रान्सिस्कोने ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या आणि पुढच्याच वर्षी ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, २६२व्या निवडीवर घेतलेल्या ब्रॉक पर्डीने त्यांना सुपर बोलपर्यंत नेलं. यावरून "क्वार्टरबॅक खालीही मिळतो" असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. पर्डी आणि तसाच खाली मिळालेला टॉम ब्रेडी लक्षात राहतात ते विरळा म्हणूनच. क्वार्टरबॅकवर पैज लावताना हार होऊ शकते हे धरूनच लावायची, आणि तरीही लावायची, कारण जिंकली तर बचत दुसऱ्या कशानेच भरून येत नाही. फक्त बोर्डावर, म्हणजे खेळाडूंच्या आपल्या गुणक्रमाच्या यादीत, ज्याला आपण स्वतः पहिल्या फेरीचा दर्जा दिलेला नाही, त्याला गरजेपोटी तो दर्जा द्यायचा नाही. एप्रिलमध्ये हा मोह किती जोरकस असतो ते खोलीत बसलेल्यांनाच कळतं. मालक, प्रशिक्षक, शहरातले लोक, सगळ्यांनाच नवा चेहरा हवा असतो.

आता पीक पाहणं म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या मते कामाचा खरा गाभा इथे आहे. प्रत्येक पोझिशनला आज आणि तुमच्या पुढच्या निवडीपर्यंत किती घसरण होणार, हे मोजायचं. समजा तुमच्या निवडी २०व्या आणि ५२व्या क्रमांकावर आहेत, आणि टॅकल व रिसीव्हर दोन्ही हवेत. २०व्या क्रमांकावर उरलेल्या सर्वोत्तम रिसीव्हरला तुमच्या बोर्डावर ८८ गुण आहेत, टॅकलला ८५. घाईत माणूस रिसीव्हर घेतो. पण ५२व्या क्रमांकापर्यंत रिसीव्हर ८२ वर असेल आणि टॅकल ६८ वर घसरला असेल, तर टॅकल आधी घेतल्यास दोघांची बेरीज १६७, रिसीव्हर आधी घेतल्यास १५६. आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, पण हिशेब दरवर्षी असाच करावा लागतो.

याचं खरं उदाहरण २०१९चं. त्या वर्षी पहिल्या फेरीत दोनच रिसीव्हर गेले, २५वा मार्क्वीस ब्राउन आणि ३२वा एन'कील हॅरी. त्यानंतर डीबो सॅम्युअल ३६वा, ए. जे. ब्राउन ५१वा, डीके मेटकाफ ६४वा, टेरी मॅकलॉरिन ७६वा. ज्या संघाला पीक खोल आहे हे कळलं होतं, त्याने पहिली फेरी दुसरीकडे वापरून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जास्त चांगला रिसीव्हर मिळवला. कॉलेजमध्ये आता पासिंगचा खेळ इतका वाढलाय की रिसीव्हरचं पीक बहुतेक वर्षी खोलच असतं. अमन-रा सेंट ब्राउन ११२वा, पुका नाकुआ १७७वा. म्हणून बाजारभाव चार कोटींचा असूनही मी रिसीव्हरला टॅकल आणि एज रशरच्या खाली ठेवतो.

अपवाद म्हणून लगेच सिनसिनाटी समोर येईल. २०२१ला त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो गुडघ्याच्या दुखापतीतून सावरत होता. पाचव्या क्रमांकावर समोर टॅकल पेनाय स्यूल आणि रिसीव्हर जमार चेस. सगळे ओरडत होते, टॅकल घ्या, नाहीतर बरो पुन्हा मोडेल. त्यांनी चेस घेतला. चेसने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले, संघ सुपर बोलला पोहोचला आणि तिथे बरो सात वेळा पाडला गेला. २३-२० ने हरले. स्यूल दोन जागा खाली डेट्रॉइटला गेला आणि लीगमधल्या सर्वोत्तम टॅकलांपैकी एक झाला. मला विचाराल तर दोन्ही संघांनी बरोबर निवड केली. चेस आणि बरो यांनी एलएसयू या कॉलेज संघाकडून २०१९चं विजेतेपद एकत्र मिळवलं होतं, आणि चेस बोर्डावर निःसंशय वरच्या पायरीचा, म्हणजे वरच्या दर्जाच्या गटातला होता. चूक असेलच तर लाइनच्या बाकी चार जागा वर्षानुवर्षं मागे पडल्या, त्यात आहे.

लाइनचा विषय निघालाच आहे तर कॅन्सस सिटीचं २०२१ अभ्यासण्यासारखं आहे. फेब्रुवारीत टँपाने त्यांना ३१-९ हरवलं, मोडक्या लाइनमागे त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्स रात्रभर पळत होता. त्याच उन्हाळ्यात त्यांनी टॅकल ऑर्लँडो ब्राउन दुसऱ्या संघाकडून निवडी देऊन आणला, गार्ड जो थूनीला फ्री एजन्सीत घेतलं, सेंटर क्रीड हम्फ्री ६३व्या क्रमांकावर आणि गार्ड ट्रे स्मिथ थेट २२६व्या क्रमांकावर मिळवला. टॅकलसाठी भारी किंमत, आतल्या तीन जागांसाठी बाजार आणि मधल्या-शेवटच्या फेऱ्या. पुढच्या तीन हंगामांत दोन सुपर बोल. पुढे हम्फ्री आणि स्मिथ दोघेही आपापल्या पोझिशनचे सर्वांत महागडे खेळाडू झाले, म्हणजे त्या चार वर्षांत संघाला किती स्वस्तात काय मिळालं याची कल्पना येईल.

मग इंडियानापोलिसने २०१८ला गार्ड क्वेंटन नेल्सन सहाव्या क्रमांकावर घेतला तो कसा? आधी त्यांनी तिसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर उतरून जेट्सकडून दुसऱ्या फेरीच्या तीन निवडी मिळवल्या होत्या. त्यातल्या ३७व्या निवडीवर आलेला ब्रेडन स्मिथ वर्षानुवर्षं राइट टॅकल म्हणून खेळला. नेल्सन पहिली तिन्ही वर्षं ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत. खाली उतरून निवडी वाढवणं हे पोझिशनच्या प्राधान्याशी थेट जोडलेलं आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी जुने ड्राफ्ट तपासून दाखवलं की एकाच पोझिशनच्या, पाठोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांत आधीचा सरस निघण्याची शक्यता साधारण ५२ टक्के असते. जवळपास नाणेफेकच. म्हणून "हाच टॅकल हवा" यापेक्षा "टॅकलच्या या पायरीतला कुणीतरी हवा" असा विचार केला की हात मोकळे राहतात. पायरीत तीन टॅकल उरले असतील आणि तुमच्यापुढे टॅकल शोधणारा एकच संघ असेल, तर खाली उतरा.

डेट्रॉइटने २०२३ला हेच केलं आणि वरच्या क्रमाचा भंग म्हणाव्यात अशा दोन निवडीही केल्या. सहाव्यावरून बाराव्यावर उतरून ३४वी निवड मिळवली. बाराव्यावर रनिंग बॅक जामिर गिब्स, १८व्यावर लाइनबॅकर जॅक कॅम्बेल. खूप टीका झाली. ३४वर टाइट एंड सॅम लापोर्टा आला, आणि त्या हंगामात संघ सुपर बोलपासून एका सामन्यावर येऊन थांबला. पण त्यांच्याकडे डेकर, रॅगनाउ आणि स्यूल हे तीन लाइनमन पहिल्या फेरीतले होते, एज रशर हचिन्सन आधीच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. महागड्या जागा भरलेल्या संघाला रनिंग बॅकची चैन परवडते. २०१८च्या जायंट्सना ती परवडणारी नव्हती.

गरजेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. एप्रिलमध्ये गरज भरायला गेलात की बोर्डावरच्या पायऱ्या आपोआप वाकतात. चालू हंगामाची भोकं मार्चमध्ये बुजवायची, साध्या, एका वर्षाच्या करारांवर का होईना. ड्राफ्टसाठी तक्ता मांडायचा तो दोन वर्षांनंतरचा: कुणाचा करार तेव्हा संपतो, कोण तिशी ओलांडतो, कुणाला नवा करार देणं परवडणार नाही. ईगल्सनी २०२०ला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला ५३वा घेतला तेव्हा आधीचा क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झला मोठा करार देऊन एकच वर्ष झालं होतं, आणि फिलाडेल्फियात संताप उसळला. हर्ट्सने पुढे दोन सुपर बोल खेळले, एक जिंकला. ग्रीन बेने २००५ला क्वार्टरबॅक ब्रेट फार्व असताना रॉजर्स घेतला आणि २०२०ला रॉजर्स असताना जॉर्डन लव्ह.

निवडीच्या रात्री मी एकच मापदंड हाताशी ठेवतो. समोरचे दोन खेळाडू एकाच पायरीवर असतील किंवा जेमतेम एका पायरीचा फरक असेल तर वर सांगितलेला पोझिशनचा क्रम निर्णय देतो. दोन पायऱ्यांचा फरक असेल तर खेळाडू घ्या, मग तो सेफ्टी असो वा सेंटर. पोझिशन महागडी आहे म्हणून मध्यम खेळाडू वर घेतला तर बचत शून्य, कारण मध्यम एज रशरला बाजारही फारसं मोजत नाही.

चौथ्या फेरीपासून पुढे हिशेब बदलतो. इथे सुरुवातीपासून खेळणारा मिळण्याची आशा कमी, म्हणून शरीर आणि वेग पाहून महागड्या पोझिशनवरच डाव लावावा, मायलाटासारखा. रनिंग बॅकही इथेच घ्या. कॅन्सस सिटीचा पचेको २५१वा, रॅम्सचा कायरन विल्यम्स १६४वा. आणि किकर-पंटरवर वरच्या फेऱ्या घालवू नका. टँपाने २०१६ला वर सरकून किकर रॉबर्टो अग्वायो ५९वा घेतला आणि पुढच्या वर्षी सोडून दिला. जॅक्सनव्हिलने २०१२ला ७०व्या क्रमांकावर पंटर घेतला, त्यानंतर पाचच निवडींनी, ७५व्या क्रमांकावर, सिएटलने क्वार्टरबॅक रसेल विल्सन घेतला. नावाजलेला किकर ॲडम विनाटिएरी ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. डॅलसचा किकर ब्रँडन ऑब्री आधी सॉकर खेळायचा, तोही ड्राफ्टमधून आलेला नाही. ही जागा ड्राफ्ट संपल्यावर फोन करून भरता येते.